सुनेचे सिग्नल

माझ्या सुनेबद्दल लिहायचं तर सुरुवात तक्रारीनंच करावी लागेल. मिनलला सगळं एकसारखं लागतं. आमच्या स्वयंपाकघरात डबे होते ते असे: एक बिस्किटांचा, एक वनस्पती तुपाचा, एक माझ्या आत्येनं दिलेला पितळी, आणि एक कुठून आला ते देवालाच ठाऊक. झाकण एकाचं, डबा दुसऱ्याचा. तरी मला डोळे मिटून हळद सापडायची. ही लग्न होऊन आली आणि वर्ष व्हायच्या आत सगळे डबे एका मापाचे झाले. कुठलंही झाकण कुठल्याही डब्यावर बसायला लागलं. मी बरेच दिवस फुगून बसले होते. मग लक्षात आलं की सकाळच्या घाईत झाकण शोधायची वेळच येत नाही. हे मी तिला अजून बोलून दाखवलेलं नाही.

मी कौशल्या गभणे. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, त्यामुळे बोलायची सवय आहे आणि दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायचीही आहे. आम्ही मनीषनगरात राहतो. मुलगा बंटी, वय चाळिशीला आलं तरी बंटीच, रोज मौद्याच्या वीज प्रकल्पात जातो. आणि सून शहराचे सिग्नल सांभाळते. शेजारच्या बायका विचारतात, "म्हणजे पोलिसात आहे का?" आधी मी समजावून सांगायची. आता सरळ हो म्हणते. समजावण्यात भाजी करपते.

पण इथं समजावून सांगणं भागच आहे.

मिनल कोराडीची. वडील मारोतराव औष्णिक वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते, शिफ्टवाले. कॉलनीत दोरीवर वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायचे, कोळशाचे ट्रक दिवसरात्र धडधडत जायचे, आणि नागपूरला यायचं म्हणजे बसची वाट पाहायची. मिनल कॉलेजला त्याच बसनं यायची. ती सांगते, बस उशिरा आली याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते एवढंच, की थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला बस गेली की यायची आहे हे कोणी सांगू शकत नव्हतं. "बसवाल्याले माहीत होतं आई, डेपोले माहीत होतं. फक्त जो उभा होता त्यालेच माहीत नव्हतं." माझ्या मते या मुलीचं सगळं इंजिनिअरिंग या एका रागातून आलं आहे.

वर्षातून एक दिवस मात्र कोराडीची पोरं राजे असत. तो दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी कामगारांच्या बायकापोरांना केंद्राच्या आत सोडत. मोठाली यंत्रं धुऊनपुसून लख्ख केलेली, त्यांना हळदीकुंकू, आंब्याची पानं, झेंडूचे हार. मारोतराव लहानग्या मिनलला उचलून घेत आणि ती आपल्या बोटानं पॅनेलला कुंकू लावी. "ज्याच्यावर आपलं घर चालते त्याले वर्षातून एकदा हात जोडावे," असं ते म्हणत. ही सवय तिला लागली ती लागलीच. आमच्याकडे ती मिक्सरलाही हार घालते. वॉशिंग मशीनला घालते. एका वर्षी माझ्या रक्तदाब मोजायच्या यंत्राला घातला होता.

शिकून झाल्यावर ती पुण्यात एका कंपनीत बसच्या तिकीट यंत्रांवर काम करत होती. लग्न ठरलं तेव्हा मी बंटीला म्हटलं, "पुण्याची नोकरी सोडून कोण येईन रे नागपूरले?" ती आली. नवऱ्यासाठी आली असं आमच्या बंटीला वाटतं आणि त्याला तसं वाटू द्यायला माझी हरकत नाही. खरं कारण असं की इकडे शहराच्या वाहतूक प्रकल्पात जागा निघाली होती आणि वर्धा रोडवरचे सिग्नल हुशार करायचे ठरले होते.

हुशार झाले, पण कसे? दिवे एका कंपनीचे, गाड्या मोजणारे कॅमेरे दुसरीचे, बसथांब्यावरच्या पाट्या तिसरीच्या. कॅमेऱ्याला दिसायचं की गाड्या तुंबल्या आहेत, पण त्याची भाषा दिव्याला कळायची नाही. बसला माहीत असायचं की आपण अडकलो आहोत, पण पाटीवर "दोन मिनिटांत येत आहे" हेच झळकत राहायचं. रुग्णवाहिका चौकात येऊन बोंबलायची आणि लाल दिवा आपल्या तोऱ्यात लालच. एका घरात सगळेच हुशार आणि कोणी कोणाशी बोलत नाही, तसा प्रकार होता. अशी घरं मी पाहिली आहेत.

मिनलनं आल्या आल्या सांगितलं की यंत्रं बदलू नका, आधी सामाईक आराखडा करा. हा शब्द मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकला.

"म्हणजे काय वं?" मी विचारलं.

"आई, तुमच्या एक्स्चेंजले कोणत्याही कंपनीचा फोन जोडता येत होता ना?"

"होय. काळा असो का लाल."

"काहून?"

"काहून म्हणजे? वायर कशी जोडायची, घंटी कशी वाजवायची, हे सगळ्यांचं आधीच ठरलेलं होतं."

"बस. तेच मी करून राहिली. पाहणारा कोण, निरोप नेणारा कोण, ठरवणारा कोण आणि दिवा बदलणारा कोण, हे एकदा ठरवून टाकायचं. निरोप कसा लिहायचा तेही ठरवायचं. मंग कॅमेरा कोणाचाबी असो."

मला पटलं. आमच्या एक्स्चेंजमध्येही हेच होतं आणि त्याला कोणी हुशार म्हटलं नाही.

तिनं आराखड्यात आणखी दोन गोष्टी घातल्या आणि त्या दोन्हींचा तिला फार अभिमान होता. एक म्हणजे, एकाच चौकाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही. एखादा चौक म्हणाला की माझ्याकडे रस्ता गच्च भरला आहे, आणि शेजारचे चौक म्हणाले की आमच्याकडे तर काहीच नाही, तर त्या एकट्याला खोटं समजायचं आणि माणूस पाठवून पाहायचं. दुसरी गोष्ट म्हणजे, प्रत्येक चौकात दिवे चालवणारी जी पेटी असते तिच्यात एक साधं वेळापत्रक कायम ठेवायचं. कॅमेरे नसताना सिग्नल चालायचे तसं. केंद्रातून एक निरोप गेला की सगळ्या पेट्यांनी कॅमेऱ्याकडे पाहणं सोडून त्या साध्या वेळेवर चालायचं, मग पेटी कोणत्याही कंपनीची असो.

अशी तीन-चार वर्षं गेली. तिच्या हाताखाली पाच-सहा पोरंपोरी. एक एक चौक जोडत गेले. आणि या आराखड्यामुळे एक गोष्ट अशी झाली जी तिनं ठरवली नव्हती. हिंगण्याच्या एमआयडीसीत ताराचंद नावाच्या गृहस्थांचा छोटा कारखाना आहे. आधी ते गिरण्यांसाठी मोजणी यंत्रं करायचे. त्यांनी आराखडा वाचला आणि त्यात बसेल असा मोजणारा कॅमेरा स्वतः करून आणला. आधी असं काही शक्यच नव्हतं, कारण मोठ्या कंपनीच्या पेटीला तिच्याच कॅमेऱ्याचा निरोप कळायचा. आता वर्धा रोडवरचे बहुतेक मोजणारे कॅमेरे ताराचंदभाऊंचे झाले. त्यांनी कारखान्यात माणसं घेतली, मुलीचं लग्न पुढे ढकललं आणि सगळं याच कामात ओतलं. मिनलला ते बेटा म्हणतात.

मग बाहेरून एक मोठी कंपनी आली. त्यांचं म्हणणं असं की हे तुकडे तुकडे जोडत बसायची गरजच काय? आमची एकच पेटी घ्या, कॅमेरा आमचा, दिवा आमचा, पाटी आमची, सगळं आतल्या आत बोलेल. मात्र दुसऱ्या कोणाचं काहीही त्याला जोडता येणार नाही. त्यांच्या वतीनं सुशील नावाचे एक गृहस्थ येऊन बसू लागले. बोलायला गोड, कपड्यांना इस्त्री कडक. मी त्यांना एकदाच पाहिलं आणि मला ते आवडले नाहीत. मिनल म्हणते माणूस वाईट नाही. असेल.

निर्णय अस्मिता मॅडमच्या हातात होता. या प्रकल्पाच्या प्रमुख. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "साध्या दिवशी सगळंच चालतं. दसऱ्याच्या दिवशी चालवून दाखवा. आराखडा चालला तर शहरभर हाच जाईल. नाही चालला तर सगळं काढून एकच पेटी बसवू."

दसऱ्याला आमच्या नागपुरात काय गर्दी असते हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. दीक्षाभूमीवर देशभरातून माणसं येतात, गाड्या भरभरून, पायीसुद्धा. शिवाय बाजार, शिवाय नवीन गाड्या घेऊन देवळात निघालेले लोक. वर्धा रोड त्या दिवशी श्वास घेत नाही.

घरी येऊन मिनल म्हणाली, "आई, हे जमलं नाही तं माह्यं सगळं काम गेलं. पोरांच्या नोकऱ्या गेल्या. अन् ताराचंदकाकांचा कारखाना तं सरळ बंद."

"जमून जाईन वं," मी म्हटलं. "इतकी काहून घाबरून राहिली?"

"घाबरली नाही. सांगून राहिली फक्त."

आणि खरंच घाबरलेली नव्हती. आदल्या आठवड्यात तिनं सगळं तपासून घेतलं होतं. एकेक पेटी, एकेक कॅमेरा. नवमीच्या संध्याकाळी ती इतकी निश्चिंत होती की पोरांना घेऊन पूजेला निघाली. चौकाचौकांत जाऊन पेट्या पुसल्या, कुंकू लावलं, नारळ फोडले. अजनीच्या चौकात तुळसाबाई नावाच्या वाहतूक हवालदार आहेत, त्यांनी आरती म्हटली. आणि रस्त्यावर आडव्या गेलेल्या खांबाला, जिथं मोजणारा कॅमेरा बसवलेला असतो तिथं, शिडी लावून दोन्ही बाजूंनी झेंडूचे भरगच्च हार सोडले. प्रत्येक चौकात तसेच, प्रत्येक खांबाला त्याच जागी, तितक्याच लांबीचे. हारांचं मापसुद्धा मिनलनंच ठरवून दिलं होतं. मी म्हटलं ना, हिला सगळं एकसारखं लागतं.

घरी परतली ती हातांना झेंडूचा वास आणि चेहऱ्यावर समाधान घेऊन. फोटो दाखवले. खरोखर सुरेख दिसत होते चौक. मारोतरावांना तिनं फोटो पाठवले आणि त्यांनी हात जोडल्याची तीन चित्रं उलट पाठवली.

रात्री सिग्नल नुसते पिवळे उघडझाप करतात, मोजणी नसते. सकाळी ते सुरू झाले. वारा सुटला होता.

दसऱ्याच्या सकाळी मी ऑटोनं सीताबर्डीला निघाले होते. आपट्याची पानं आणि जिलबी आणायची होती. अजनीच्या अलीकडे ऑटो थांबला तो थांबलाच. समोर लाल. आडव्या रस्त्याला हिरवा, आणि आडव्या रस्त्यावर एक सायकलवाला सोडला तर काही नाही. हिरवा आपला चालूच. आमच्या मागे गाड्या, त्यांच्या मागे गाड्या, हॉर्न असे की डोकं फुटावं. एकदाची आमची पाळी आली तर पुढच्या चौकात तेच.

"काकू, आज सिग्नलले काय झालं काय माहीत," ऑटोवाला म्हणाला. "सगळेच पागल झाले."

सून सिग्नलची आहे हे सांगायची ही वेळ नव्हती. मी तिला फोन लावला, तिनं उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. मला माझ्या जिलबीची नाही, तिची काळजी वाटत होती, आणि रडू येत होतं. ऑटोवाल्याला वाटलं मला उशीर होतो आहे. तो बिचारा म्हणाला, "जाऊन राहिलो ना काकू, रडू नका."

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण मिनलकडून ऐकलं आहे आणि ताराचंदभाऊंकडूनही, आणि दोघांचं सांगणं जुळतं.

कंट्रोल रूममध्ये भिंतीवरच्या नकाशावर वर्धा रोडचे सगळे चौक लाल झाले होते. सगळ्या कॅमेऱ्यांचा निरोप एकच होता: चारही बाजूंनी रस्ता भरला आहे. चारही बाजू भरल्या म्हटल्यावर प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त वेळ हिरवा, आणि बाकीचे तेवढा वेळ ताटकळत. एखादाच चौक असं सांगत असता तर आराखड्यानं त्याला तिथल्या तिथं पकडलं असतं. पण शेजारच्या चौकाला विचारलं तर तोही म्हणे, हो, माझ्याकडेही भरला आहे. त्याच्या पलीकडचाही तेच म्हणे. सगळ्यांनी एकसारखं खोटं बोलायचं ठरवलं तर पंचायतीचं काय चालणार? हे मिनलच्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं.

अस्मिता मॅडम उभ्या राहिल्या. सुशील हळूच म्हणाले, "मॅडम, कॅमेरे स्थानिक बनावटीचे आहेत. गर्दीचा भार त्यांना झेपत नसावा."

मोजणारे कॅमेरे केंद्राला चित्र पाठवत नाहीत. फक्त किती गाड्या ते सांगतात. हेही मिनलनंच ठरवलेलं, निरोप हलका राहावा म्हणून. तेव्हा आत बसून कोणाला काही दिसेना. पण उंच खांबांवर पोलिसांचे वेगळे पाहणारे कॅमेरे असतात. मिनलनं त्यातला अजनीचा फिरवला आणि आडव्या खांबाकडे नेला. पडद्यावर तिचे हार आले. वाऱ्यावर डुलत होते. कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोरून इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि कॅमेरा प्रामाणिकपणे मोजत होता. त्याच्या दृष्टीनं तो अखंड वाहणारा रस्ता होता. संध्याकाळी हवा पडलेली असताना तेच हार सरळ लोंबत होते, कॅमेऱ्याच्या नजरेआड.

पडदा लहान होता आणि तिच्या टेबलावरचा. बाकीच्यांचं लक्ष मोठ्या नकाशाकडे होतं. तिनं तो पडदा बंद केला असता तर कोणाला कळलं नसतं.

अस्मिता मॅडमनी विचारलं, "मिनल, कॅमेऱ्यांचाच दोष आहे का? तसं असेल तर कॅमेरे बदलून घेऊ. चाचणी पुढे ढकलता येईल."

म्हणजे पाहा. एक हो म्हटलं की आराखडा वाचत होता, पोरांच्या नोकऱ्या वाचत होत्या, वर्षांचं काम वाचत होतं. कॅमेरे कोणाचे, तर ताराचंदभाऊंचे. एक कारखाना जाणार होता, आणि तोही खोट्या कारणानं.

ती म्हणाली, "नाही मॅडम. कॅमेरे बरोबर आहेत. त्यांच्यासमोर हार आहेत. हार मी घातले."

खोलीत एक जण हसला.

मिनल पुढे म्हणाली, "एक मिनिट द्या." आणि तिनं निरोप सोडला, की सगळ्या पेट्यांनी कॅमेऱ्यांकडे पाहणं बंद करून साध्या वेळेवर चालावं. एव्हाना तीन कंपन्यांच्या पेट्या झाल्या होत्या. एकेकीचं उत्तर येत गेलं: कळलं, बदलते आहे. एकही मागे राहिली नाही. थोड्याच वेळात नकाशावरचा लाल रंग उतरू लागला. हुशारी बंद झाली होती, पण रस्ता चालू झाला होता. मग तिनं मोठ्या पडद्यावर हार दाखवले, सगळ्यांना, झूम करून.

त्यानंतर हार काढायचे फोन गेले. तुळसाबाईंनी तिकडून नकार दिला. "आज दसरा आहे वं मॅडम. पूजेचा हार आजच्या दिवशी कोण उतरवते?"

"उतरवू नका तुळसाबाई. खांबाले गुंडाळून बांधून टाका फक्त."

"हां, ते जमते."

दुपारपर्यंत सगळे हार खांबाला गुंडाळले गेले आणि कॅमेरे पुन्हा चालू झाले. संध्याकाळची गर्दी, जी खरी गर्दी, ती आराखड्यानं व्यवस्थित काढली. रुग्णवाहिका गेल्या, बसच्या पाट्यांनी खरं सांगितलं. पण अस्मिता मॅडम दुपारीच निघून गेल्या होत्या. निर्णय सांगितलाच नव्हता. सुशील मात्र जाताना मिनलला म्हणाले, "हार छान होते." मला अजूनही ठरवता येत नाही की ते टोचून म्हणाले की मनापासून.

ती घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. मी जिलबी आणली होती ती तिच्यापुढे ठेवली. खाल्ली नाही. बंटी म्हणाला, "होईन नीट." ती म्हणाली, "सकाळी सगळं शहर अडकलं होतं बंटी. माह्या हारांनं." मी तिची बाजू घेऊन भांडायला तयार होते, पण भांडायला समोर कोणी नव्हतं. मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. इतकी वर्षं एका घरात राहतो आहोत, पण असं मी पहिल्यांदाच केलं.

फोन वाजला. अस्मिता मॅडम. मिनलनं आवाज मोठा ठेवला, आम्हालाही ऐकू यावं म्हणून.

"मिनल, मी नोकरीत खूप चाचण्या पाहिल्या. सगळ्या यशस्वी होतात. मग पहिल्यांदा बिघाड होतो आणि फोन उचलायला कोणी नसतं. आज चाचणीतच बिघडलेलं पाहिलं, आणि माझ्यासमोर सावरलेलंही पाहिलं. मी सुशीलना विचारलं, तुमची पेटी अशी फसली तर काय? ते म्हणाले, आमच्या मुख्य कार्यालयाला कळवावं लागेल." मग मॅडम म्हणाल्या, "तुमचा आराखडा राहतो. शहरभर जाईल. पण सगळ्यांनी एकच चूक केली तर ती ओळखायची कशी, हे त्यात आलं पाहिजे. आणि हार कुठे घालायचा तेही लिहा. पूजा बंद करू नका."

मिनल हो मॅडम, हो मॅडम एवढंच म्हणत होती. फोन ठेवला आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. बंटी आत पाणी आणायला गेला तो बराच वेळ आला नाही.

आम्ही डोळे पुसतो तोच दारात ताराचंदभाऊ. अंगात नवा सदरा, हातात आपट्याची पानं. सोनं द्यायला आले होते. मिनलनं त्यांना बसवलं आणि मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलं. ते ऐकत राहिले. आनंद झाला होता, दिसत होतं, पण काहीतरी अडलं होतं. शेवटी म्हणाले,

"बेटा, सकाळी मी कंट्रोल रूममध्येच होतो. तुह्या मागं उभा होतो."

"माहीत आहे काका."

"मॅडमनं विचारलं तेव्हा मले वाटलं, झालं. ही आता हो म्हणते. मी मनात कारखान्याचं कुलूपच लावून टाकलं होतं." मग सरळ तिच्याकडे पाहून म्हणाले, "खरं सांगू का वं? तुह्या जागी मी असतो तं हो म्हटलं असतं."

मिनलनं त्यांच्या हातातल्या पानांकडे पाहिलं.

"मीबी म्हणूनच राहिली होती काका," ती म्हणाली. "तोंड उघडलं होतं."

"मंग?"

"मंग मागून तुमचा खोकला ऐकू आला."

ताराचंदभाऊंनी पानं तिच्या हातात ठेवली. ती पाया पडायला वाकली तर त्यांनी तिला अर्ध्यातच धरलं आणि तसंच धरून ठेवलं.